जागा विस्तव

तुळशीचे लग्न लागले की आमच्या बेळगावात थंडी पाऊल टाकते. इंदूर-ग्वाल्हेरकडचे आमचे आप्त या दिवसांत इकडे आले, म्हणजे आमच्या कानटोप्यांकडे आणि शालींकडे पाहून हसतात. त्यांचे हसणे अगदीच वावगे आहे, असेही नाही. तिकडच्या थंडीपुढे आमची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेल्या या गावाची थंडी केवळ पाऱ्यावरून ओळखू नये. ती ओली असते. मृगापासून हस्तापर्यंत पाऊस कोसळून गेलेला असतो. भिंतींनी ते पाणी पोटात साठवून ठेवलेले असते. पौषातली थंडी कोरडी असते, आणि तोवर अंगही तिला सरावलेले असते. कार्तिकातली थंडी मात्र माणसाला बेसावध गाठते. दुपारी ऊन चटका देते म्हणून मुले सुती सदऱ्यांवर खेळायला जातात आणि दिवेलागणीला दात वाजवीत घरी येतात.

आमच्या शहापूरच्या घरी नेमक्या याच दिवसांत माळ्यावरून शेगडी खाली उतरे.

मी लग्न होऊन १९६९ साली त्या घरात आले. शहापूर म्हणजे संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखालचे गाव. आता बेळगावातच मिसळून गेले आहे. गल्लीत विणकरांची घरे, दिवसभर मागांचा खटखटाट, आणि मधूनमधून आमच्यासारखी नोकरदार कुटुंबे. आमचे घर मंगळुरी कौलांचे. दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची. तरीही पहाटेचा उजेड कौलांच्या फटींतून आत डोकवायचाच. दारे जुन्या सागाची, पण एकही चौकटीत नीट बसत नसे. मामंजी वैतागून म्हणत, "या घरात दारे लावली काय आणि न लावली काय, वारा आपला माहेरी आल्यासारखा फिरतो!" त्या वाऱ्याचे आपल्यावर उपकार आहेत, हे कळायला आम्हांला पंचवीस वर्षे लागली.

शेगडी सासूबाईंची. ती त्यांनी स्वतः घडवलेली होती. बूड गेलेली जुनी बादली घ्यायची, तिला खालच्या बाजूस वारा घेण्यासाठी तोंड कापायचे, मध्ये लोखंडी सळ्या घालायच्या, आणि आतून चिकणमाती व शेण कालवून हाताने लिंपायचे. वाळली की पुन्हा एक हात. बाजारात बिडाच्या सुबक शेगड्या मिळत, पण सासूबाईंच्या मते बीड लवकर तापते आणि लवकर निवते. माती मात्र उशिरा तापते आणि तापल्यावर धग धरून ठेवते. कोळसा वखारीतून गोणीने यायचा. गोण उघडताच त्या एक कोळसा उचलून दुसऱ्यावर वाजवून पाहात. टणक, खणखणीत आवाज आला तर कोळसा पक्का. ठक्क वाजला तर ओला किंवा कच्चा. तळाशी उरलेली चुरीही वाया जात नसे. ती शेणात कालवून तिचे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. बंबात घालायला ते उपयोगी पडत.

शेगडी पेटवण्याचा विधी परसात होई. आधी नारळाच्या करवंटीचे तुकडे आणि काथ्या, त्यावर बारीक कोळसा, वर मोठा. घासलेट ओतणे सासूबाईंना मुळीच मान्य नव्हते. पुठ्ठ्याने वारा घालता घालता धूर डोळ्यांत जायचा, कोळसे चटचटायचे, आणि मग हळूहळू निखारे फुलायचे. त्या वेळी त्यांच्यावर एक निळसर ज्योत नाचू लागे. माझी मुले लहान असताना तिला 'परी' म्हणत आणि ती दिसावी म्हणून परसात थंडीत कुडकुडत उभी राहात. त्या परीविषयी पुढे सांगायचे आहे.

सासूबाईंचे शेगडीविषयी काही नियम होते. शेगडी पेटवायची ती घराबाहेरच. धूर पूर्ण सरून निखारा लाल झाल्याखेरीज तिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. नवा कोळसा घालायचा असेल तर शेगडी पुन्हा परसात न्यायची. शेगडी ज्या खोलीत, त्या खोलीचे एक दार किलकिले ठेवायचे. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक: अंथरुणे पडली की शेगडी बाहेर. मग बाहेर कितीही गारठा असो, घरात आजारी माणूस असो की तान्हे मूल असो. "निजल्या माणसापाशी जागा विस्तव ठेवू नये," असे त्या म्हणत. का, असे विचारले तर उत्तर एकच, "पूर्वीपासून तसेच आहे."

मी रसायनशास्त्राची पदवीधर. बेळगावातल्याच एका मराठी माध्यमिक शाळेत १९७१ पासून विज्ञान शिकवू लागले होते. 'पूर्वीपासून तसेच आहे' या उत्तराचे मला मनातून हसू येई. पण सासूबाईंचा शब्द मोडण्याची त्या घरात रीत नव्हती आणि त्यांचे नियम पाळायला कष्टही फारसे नव्हते, म्हणून मी ते पाळी.

शेगडीभोवतीच्या त्या संध्याकाळी मात्र मनात घर करून राहिल्या आहेत. शेगडी मधल्या खोलीत आली की सारे घर तिच्याभोवती गोळा होई. कडेच्या राखेत रताळी पुरलेली असत. मामंजी शेंगा भाजून द्यायचे आणि मुले पाढे म्हणायची. शेजारच्या विणकराच्या घरातील मावशी बाळाला पदराखाली घेऊन येऊन बसत. त्यांची भाषा कानडी, आमची मराठी. पण कोळशाला त्या 'इद्दिलु' म्हणत, थंडीला 'चळी' म्हणत, आणि शेगडीला मात्र शेगडीच. हा शब्द सीमा पाहून चालणारा नाहीच. बडोद्याच्या वाचकांनी घरात 'सगडी' ऐकली असेल, इंदूरच्या वाचकांनी 'सिगडी'. संस्कृतातल्या 'अंगारशकटी'तील शकटी या साऱ्यांत उतरली असावी, असे वाटते. अमरकोशात या वस्तूची जी नावे दिली आहेत, त्यांत 'अंगारधानिका' आणि 'अंगारशकटी' यांच्या जोडीला 'हसन्ती' असेही एक नाव आहे. हसन्ती म्हणजे हसणारी! फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी ज्याने संध्याकाळी पाहिली असेल, त्याला या नावाचे मर्म वेगळे सांगायला नको.

विस्तवाची भीती मला नव्हती असे मात्र नाही. उलट जरा अधिकच होती. माझे माहेर निपाणीचे. पुणे-बंगळूर हमरस्त्यावरचे ते गाव तंबाखूवर जगणारे. वडील एका वखारीत दिवाणजी होते. गावात शिरताच तंबाखूचा उग्र दर्प यायचा, आणि घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसायच्या. वळलेल्या विड्या शेकण्याची भट्टी असे, ती निराळ्या जागी. तंबाखूच्या वखारीत मात्र काडी ओढायची म्हणजे पाप. वाळलेल्या पानाच्या त्या राशींपाशी एक ठिणगी गेली तर काय होईल, हे आम्हां मुलांना बोलता येऊ लागल्यापासून बजावलेले असे. त्यामुळे विस्तवाचा धोका म्हणजे ठिणगी, ही समजूत माझ्या हाडीमासी खिळली होती. ठिणगी दिसते, तिचा आवाज होतो, ती पडली तर जळका वास येतो. जे दिसत नाही आणि ज्याला वास नाही, त्याची भीती निपाणीने मला शिकवली नव्हती. आणि महाविद्यालयाने जी शिकवली, ती परीक्षेपुरती.

पुढे १९८३ साली आम्ही टिळकवाडीत नवे घर बांधले. स्लॅबचे छत, लोखंडी चौकटींच्या काचेच्या खिडक्या, घट्ट बसणारी दारे. वास्तुशांतीच्या दिवशी मी खोलीखोलीतून फिरून दारे लावून पाहिली. कोठूनही वारा येत नाही, याचे मला किती समाधान वाटले म्हणून सांगू! मामंजी ते घर पाहायला नव्हते. स्वयंपाकघरात गॅस होता, न्हाणीघरात विजेचे गीझर होते. सासूबाईंची शेगडी गच्चीच्या जिन्याखाली जाऊन बसली. सासूबाईही त्या नव्या घरात थोड्या अवघडूनच वावरत. "श्वास कोंडतो गं या घरात," असे त्या एकदोनदा म्हणाल्या. म्हातारपणी जागा बदलली की असे होतेच, असे आम्ही समजलो.

नोव्हेंबर १९९४ मध्ये माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी मायलेकरे घरी आली आणि सासूबाईंनी जिन्याखालची शेगडी मागितली. बाळंतिणीला शेक हवा आणि बाळाला धुरी हवी, हा त्यांचा आग्रह. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टींना नको म्हटले होते. शेवटी तडजोड झाली. धुरी नाही, बाजेखाली शेक नाही. पण संध्याकाळी खोली उबदार राहावी आणि लंगोट वाळावेत, म्हणून थोडा वेळ शेगडी ठेवायची. सासूबाईंनी बजावले, "दहाच्या ठोक्याला बाहेर काढ."

बारशाला तीन दिवस राहिले होते. त्या दिवशी आभाळ भरून आलेले, बोचरा वारा सुटलेला आणि लंगोटांचा ढीग ओलाच. मी परसात शेगडी पेटवली, निखारे लाल झाल्यावर आत आणली, बाजेपासून दूर कोपऱ्यात ठेवली, शेजारी पाण्याची कळशी ठेवली आणि वर बांबूची पाटी उपडी घालून लंगोट पसरले. सारे कसे नीटनेटके. खिडकी एका बोटाएवढी उघडी होती. तिच्यातून वारा आला की पडदा फडफडायचा आणि शेगडीतून एखादी ठिणगी उडायची. निपाणीची मी! पडद्यावर ठिणगी पडली तर, या धास्तीने मी ती खिडकी लावून घेतली. बाळाला वारा लागू नये म्हणून दारही लावले.

दहा वाजले. बाळ नुकतेच निजले होते, लेकीचाही डोळा लागला होता. खोलीत अशी काही सुखाची ऊब भरली होती की ती मोडवेना. लंगोट अर्धेच वाळले होते. निखाऱ्यांवर राख धरली होती. म्हणजे शेगडी आता आपोआप विझेलच, असे मी मनाशी म्हटले. पाटीवरचे लंगोट परतले आणि लेकीच्या बाजेखाली अंथरूण टाकून मीही आडवी झाले.

रात्री केव्हातरी लेकीने हाक मारली, "आई, डोकं फार ठणकतंय गं." माझेही डोके जड झाले होते. आठवडाभराचे जागरण, दुखणारच. मी म्हटले, "पित्त झालं असेल, नीज. पहाटे आल्याचा चहा देते." थोड्या वेळाने तिला उलटी झाली. मी उठून तिचे तोंड पुसले, पुन्हा निजवले. बाळ मात्र शांत होते. दर दोन तासांनी घर डोक्यावर घेणारे ते पोर दहापासून एकदाही उठले नव्हते. त्याचे गाल तांबूस दिसत होते. आज ऊब मिळाली म्हणून कसे गाढ झोपले आहे, असे वाटून मला आनंद झाला. होय, आनंदच झाला. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

सासूबाई बाहेरच्या खोलीत निजत. त्या न्हाणीघराकडे जायला उठल्या तेव्हा परसात शेगडी नेहमीच्या जागी नाही, हे त्यांनी पाहिले. त्यांनी आमच्या खोलीचे दार ढकलले. "शेगडी अजून आतच आहे की गं!" एवढेच शब्द मला ऐकू आले. मी उठायला गेले आणि गुडघ्यांतून कोसळले. पाय माझे नव्हतेच जणू. त्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईने बाळाला पाळण्यातून उचलले, आणि ज्या वाऱ्यापासून मी त्याला जपत होते त्याच वाऱ्यात, उघड्या ओसरीवर त्या त्याला घेऊन बसल्या. मग माझ्या यजमानांना हाका मारल्या. त्यांनी लेकीला धरून बाहेर आणले. मी रांगत आले. ओसरीवर गार हवा होती, आणि बाळ रडत नव्हते. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ते एकदा कण्हले, आणि नंतर रडले.

रुग्णालयात डॉक्टरांनी नाडी पाहण्याआधीच पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" दोघांना प्राणवायू लावला. मला बाकावर बसवले, आणि तेथे बसल्या बसल्या मला माझाच आवाज ऐकू येऊ लागला: "मुलांनो, कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, वासहीन आणि विषारी वायू आहे." तेवीस वर्षे मी हे वाक्य फळ्यावर लिहीत आले होते. वहीत उतरवून न घेणाऱ्या मुलांना बाकावर उभे केले होते. आणि तो वायू माझ्या खोलीत आला, तेव्हा त्याला मी पित्त म्हटले, जागरण म्हटले, आणि बाळाची गाढ झोप म्हटले.

वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक असेल. तरीही थोडक्यात सांगते, कारण मला ठाऊक असूनही ते ठाऊक नव्हते. कोळशाला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली, किंवा तयार झालेला वायू तापलेल्या कोळशांच्या थरांतूनच वर आला, की कार्बन मोनॉक्साइड होतो. फुललेल्या शेगडीवर जी निळी ज्योत नाचते, ती या वायूचीच. तेथे तो जळत असतो. माझ्या मुलांची परी ती हीच! ज्योत मावळते, निखाऱ्यांवर राख धरते, आणि आपल्याला वाटते की धोका सरला. वास्तविक तेव्हाही वायू निघतच असतो. फक्त तो न जळता खोलीत पसरतो. 'धूर गेला, आता शेगडी आत आणावी' हा नियम डोळ्यांना धुरापासून वाचवतो. जिवाला वाचवत नाही. जीव वाचतो तो उघड्या खिडकीने, आणि खरे म्हणजे शेगडी बाहेर ठेवल्यानेच. रक्तातील हिमोग्लोबिनला या वायूची ओढ प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक असते. एकदा तो रक्तात शिरला की साध्या हवेत तो निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर ते काम साधारण तास-दीड तासात होते. लहान मुलांचा श्वास जलद चालतो, म्हणून त्यांना तो लवकर गाठतो. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेत, ते याचसाठी. पक्षी मलूल झाला की माणसांनी बाहेर पळायचे. ही प्रथा तेथे १९८६ साली बंद झाली. आमच्या खोलीतला पक्षी मलूल झाला होता, आणि मी त्याच्या अंगावर आणखी एक दुपटे घातले होते.

माझी चूक माझ्या एकटीच्याच अडाणीपणाची नव्हे, हे नंतर वाचनात आले. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला २८ सप्टेंबर १९०२ रोजी खेड्यातल्या घरून पॅरिसला परतला. हवा ओलसर गार होती, म्हणून निजायच्या खोलीत कोळसा पेटवलेला होता. खिडक्या बंद, आणि धुराडे तुंबलेले. रात्री पतिपत्नी दोघांनाही बरे वाटेना. बायको नोकरांना उठवू म्हणाली. झोला म्हणाला, त्याची गरज नाही, पोट बिघडले असेल. पुढे तो खिडकी उघडायला म्हणून उठला आणि खाली कोसळला. सकाळी तो गेलेला होता. पलंगावर असलेली त्याची पत्नी वाचली. धुराडे कोणी मुद्दाम बुजवले असेल, असा संशयही घेतला गेला; तो सिद्ध झाला नाही. माझ्या मनात मात्र घर केले ते त्या रात्रीच्या बोलण्याने. पॅरिसच्या एवढ्या मोठ्या लेखकाने जे म्हटले, तेच टिळकवाडीतल्या मास्तरणीने म्हटले होते: पोट बिघडले असेल, सकाळी पाहू.

तीन दिवसांनी मायलेकरे सुखरूप घरी आली. बारसे पुढे ढकलावे लागले. सासूबाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला जड जात होते. एके दिवशी दुपारी त्या वाती वळीत बसल्या असताना मी विचारले, "सासूबाई, शेगडी बाहेर काढायचा नियम तुम्हांला कोणी घालून दिला?"

त्या बराच वेळ वातीच वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईनं." त्यांच्या लहानपणी, माहेरच्या घरी, त्यांची काकू बाळंत झाली होती. बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराशेजारची अंधारी कोठडी. झरोका होता, तोही थंडीचा म्हणून फडक्याने बुजवलेला. पाचव्या रात्री पूजा झाली, शेगडी आत राहिली. सकाळी काकू आणि तिची मुलगी, दोघीही गेलेल्या. घरात सगळे म्हणाले, सटवीने नेले. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा. देवऋषी आला, उतारे झाले. "आई कोणाला काही बोलली नाही. तिचं कोण ऐकणार? पण त्या दिवसापासून ती रोज रात्री उठून शेगडी परसात नेऊन ठेवायची. फडकंही तिनंच काढलं. पुढं त्या घरात माझी तीन भावंडं जन्मली. तिन्ही जगली."

मी ऐकत राहिले. सासूबाईंच्या आईला अक्षरओळख नव्हती. रसायन हा शब्दही तिच्या कानांवर गेला नसेल. तिने एवढेच पाहिले होते की त्या कोठडीत शेगडी होती, झरोका बुजलेला होता आणि सकाळी दोन जीव नव्हते. साऱ्या घराने सटवीवर हवाला ठेवला, तेव्हा त्या बाईने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. कारण तिला सांगता आले नाही, म्हणून नियम तेवढा मागे राहिला. तो तिच्या लेकीबरोबर शहापूरला आला आणि आमच्या घरी 'पूर्वीपासून तसेच आहे' एवढ्याच नावाने राहिला. मला कारण ठाऊक होते. पण ते पुस्तकात होते आणि शेगडी घरात होती. दोघांची गाठ मी कधी घालून दिली नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी उमगली. शहापूरच्या घरात सासूबाईंच्या नियमांत एखाद्या रात्री खंड पडला असता, तरी तेथे कौलांच्या फटी जाग्या होत्या. मामंजी ज्या वाऱ्याला नावे ठेवीत, तो आमच्या वाट्याची हवा रात्रभर आणून देत होता. आम्ही घर बदलले, फटी बुजवल्या, आणि शेगडी मात्र जुनीच आत आणली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत असे झाले असेल. आता कोळशाची शेगडी क्वचितच दिसते. परंतु बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर, दारे लावून पेटवलेला कोळसा, बंद शेडमध्ये चालू ठेवलेली मोटार, ही सारी त्याच शेगडीची भावंडे आहेत. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीने कुटुंबेच्या कुटुंबे गेल्याच्या बातम्या येतात. त्या वाचताना मी चष्मा काढून ठेवते.

म्हणून या मासिकाच्या वाचक भगिनींना हात जोडून सांगणे आहे. एकाच खोलीतल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर त्याला पित्त म्हणू नका. आधी दार उघडा, माणसे बाहेर काढा, मग विचार करा. बाळ नेहमीपेक्षा अधिक झोपले तर आनंद मानण्यापूर्वी त्याला एकदा हलवून पाहा. बाळंतिणीला ऊब हवीच असेल तर गोधडी आहे, गरम पाण्याची रबरी पिशवी आहे. थंडीने माणूस कुडकुडतो. एका रात्रीच्या कुडकुडण्याने काही बिघडत नाही.

सासूबाई १९९९ साली गेल्या. ज्याला त्यांनी ओसरीवर नेले, तो माझा नातू आता तिशीत आहे आणि बर्फाच्या देशात नोकरीला आहे. तेथे त्याच्या घरात भिंतीवर एक लहानशी डबी बसवलेली आहे; हा वायू साठू लागला की ती ओरडते. त्याने एकदा दूरध्वनीवर तिचा आवाज मला मुद्दाम ऐकवला. ऐकून मी म्हटले, "बाळा, तुझ्या पणजीचा आवाज यापेक्षा मोठा होता."

सासूबाईंची शेगडी मी टाकली नाही. दर कार्तिकात एकदा तिला आतून मातीचा हात देते आणि उघड्या ओसरीवर पेटवते. शेजारणी येतात, राखेत रताळी पुरली जातात, कानडी-मराठीत गप्पा रंगतात. कोणीतरी म्हणतेच, "आत नेऊ या की, काय गारठा हा!" मी नाही म्हणते. दहाच्या ठोक्याला मी निखाऱ्यांवर पाणी शिंपडते. चर्र आवाज होतो, वाफ उठते. सगळे निखारे काळे झाले की नाही ते चिमट्याने एकेक उलटून पाहते, आणि मगच निजायला जाते. जाताना खोलीची खिडकी एका बोटाएवढी उघडते.